पहिल्या खांद्याची बातमी

गोमाजीतात्या सकाळी उठले की पहिलं पाणी स्वतःच्या तोंडावर घेत नसत. विहिरीवर पितळेचा तांब्या भरायचा, वरच्या खाचराच्या बांधावर जायचं, किंजळीच्या झाडाखालच्या गुडघाभर दगडावर तो सावकाश रिकामा करायचा आणि म्हणायचं, "बाबा, उठा. उजाडलं." मग घरी येऊन चूळ, मग चहा. आषाढात दगड रात्रभर निथळत असे, तरी तांब्या जाई. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, पाऊस तर पडतोच आहे, मग कशाला? तर म्हणाले, "पाऊस काय आपल्या घरचा हाय?"

तो दगड म्हणजे आमचा मूळपुरुष. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. ज्याने इथलं रान तोडून पहिलं खाचर बांधलं तो या दगडाखाली आहे, असं सगळे धरून चालत. त्याच्या घराला शिमग्यात देवीच्या पालखीचा पहिला खांदा. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसलेली असते. ती उठवताना पुढच्या दांड्याखाली आधी आमच्या घरातला माणूस वाकतो, मग मागच्या दांड्याखाली महिपतीअण्णांच्या घरातला. तात्या माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबांनंतर चाळीस वर्षं पुढचा खांदा त्यांचा होता. म्हणजे महिपतीअण्णांनी चाळीस शिमगे तात्यांची पाठ पाहिली.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी तात्यांचा उजवा गुडघा बोलायला लागला. त्यांनी ठरवलं, यंदाच्या शिमग्यात सगळ्यांसमोर दांडा मुलाच्या, अनिलच्या, खांद्यावर द्यायचा. अनिल मुंबईला गॅरेजमध्ये कामाला. दिवाळीतच त्याला सांगून ठेवलं होतं, "सुट्टी आताच टाक. मागनं शेठ नाय म्हणाला असं मला सांगू नको." तात्यांना आयुष्याकडून आणखी काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही.

आता बातमीबद्दल.

पाच वर्षांपूर्वी नळपाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने बांधाकडेला चर खणला, तेव्हा दगडापासून चार हातांवर एक मोठा रांजण फुटला. आत हाडं होती. कोकणातल्या ओल्या मातीत हाड टिकत नाही. पण रांजणाचं तोंड चपट्या दगडाने आणि मातीने बंद केलेलं होतं, म्हणून ती टिकली. तात्यांनी जेसीबीच्या पुढे उभं राहून काम थांबवलं. महिनाभराने एका संशोधन संस्थेच्या बाई आणि दोन विद्यार्थी आले. बाई वागायला चांगल्या होत्या, चपला काढून बांधावर बसल्या. हाडं न्यायला हवीत म्हणाल्या. कानामागच्या टणक हाडात जुना डीएनए सापडतो. तात्यांनी एकच अट घातली, "बघून झालं की परत आणा. आणि बाबांचं वय किती ते कळवा."

तुलनेसाठी त्यांनी वाडीतल्या अकरा जणांची लाळ छोट्या नळ्यांत घेतली. तात्या थुंकले, अनिल थुंकला, महिपतीअण्णाही थुंकले. "मोप झाली का? आणखी हाय माझ्याकडं," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने तात्यांचा तांब्यासकट फोटो काढला.

२०२४च्या फेब्रुवारीत त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मी तेव्हा एमए संपवून घरी होते. बातमी मला आधी फोनवर दिसली. एका पोर्टलवर तात्यांचा तोच फोटो, आणि वर मथळा: "कापड्याचे पूर्वज निघाले परदेशी! डीएनएने फोडलं गुपित". दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात तोच फोटो आणि मथळा: "महाड-पोलादपूरचे लोक शुद्ध मूळचेच, विज्ञानाची मोहर". तिसऱ्या दिवशी एका वाहिनीवर चर्चा. चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, आणि पाचव्या चौकटीत तात्या दगडावर पाणी घालत होते. त्यांना यातलं काही कुणी विचारलं नव्हतं.

मी निबंध मिळवला. अकरा पानं आणि पुरवणीची चौसष्ट. इंग्रजी माझं बेताचं, पण शब्दकोश घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं की सांगाडा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या व्यक्तीच्या रक्तात इथल्या फार जुन्या लोकांचा वाटा आहे आणि काही हजार वर्षांपूर्वी वायव्येकडून, इराणच्या बाजूने, आलेल्यांचाही आहे. असं मिश्रण थोड्याफार फरकाने देशभर आढळतं. एक वाक्य तर त्यांनी वेगळ्या परिच्छेदात ठेवलं होतं: या एका व्यक्तीवरून आजच्या कोणत्याही कुटुंबाच्या वा समाजाच्या वंशाबद्दल काहीही सांगता येत नाही. पाच वर्षं काम करून माणसांनी मुद्दाम वेगळं ठेवलेलं वाक्य. ते कुणीही छापलं नाही. मिश्रणातला एक वाटा एकाने उचलला, दुसरा दुसऱ्याने.

ही चूक होती असं मी मानत नाही. चुकीत माणूस अडखळतो. इथे सगळं सराईत होतं.

मी पोर्टलला सविस्तर पत्र लिहिलं, निबंधातल्या पानांचे आकडे देऊन. बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. बातमी उघडून पाहिली. मथळ्यातलं उद्गारचिन्ह काढून तिथे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. बाकी एक अक्षर हललं नव्हतं.

निबंधात आणखी एक गोष्ट होती. सांगाडा पुरुषाचा नव्हता. चाळिशीच्या बाईचा होता.

तात्यांना मी बाकी सगळं सांगितलं. अठराशे वर्षं ऐकून ते खूश झाले, बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मिश्रणाचं सांगितलं तर म्हणाले, "मिसळ असणारच. बायका काय सगळ्या ह्याच वाडीतल्या केल्या काय कोणी?" बाईचं मात्र मी सांगितलं नाही. शिमगा तोंडावर होता. एवढा होऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणाले. बातमी कापून देणाऱ्यांवर मी चिडले होते, आणि माझ्या घरात मीही ती कापूनच दिली होती.

मार्चच्या सुरुवातीला सुनील नावाचा एक जण आला. तिशीचा, स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारा, गळ्यात स्वतःच बनवून घेतलेलं ओळखपत्र. तात्या बांधावर निघाले होते, तो त्यांच्या मागोमाग गेला. तात्यांनी पाणी घातलं. तो म्हणाला, "आजोबा, परत एकदा ओता ना. उजेड नीट नव्हता."

"परत? देव काय दोनदा उठतो?"

"बरं, एक सांगा. आपण इराणी आहोत असं तुम्हाला आतून कधी जाणवलं का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलतोय गो हा?"

"म्हणजे काही आठवणी, काही शब्द, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले..."

"हायत की," तात्या म्हणाले. "चल निघ. हा आमचा पिढ्यान्‌पिढ्याचा शब्द."

तो हसला आणि कॅमेरा आणखी जवळ आणला, दगडाच्या अगदी वर. त्याचा बूट पायथ्याच्या फुलांवर होता. तात्यांनी तांब्यात उरलेलं पाणी त्या बुटावर ओतलं. एवढंच घडलं. संध्याकाळी व्हिडिओ आला, "सत्य ऐकताच म्हातारा खवळला! पत्रकारावर हल्ला". त्यात बूट नव्हता, फुलं नव्हती, प्रश्नही नव्हते. फक्त तात्यांचा हात आणि पाणी. दोन दिवसांत तो व्हिडिओ पोलादपूरपासून भांडुपपर्यंत पोचला. अनिलचा फोन आला. "बाबा, गॅरेजमध्ये सगळे मला इराणी चाय बोलतात. दिमाग खराब झालाय. केस ठोकूया."

"कोणावर?" तात्यांनी विचारलं. "तू सुट्टी टाकलीस का, ते सांग."

संस्थेच्या बाईंना मी फोन लावला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणाल्या, आमच्या प्रसिद्धीपत्रकात आम्ही सगळं नीट लिहिलं होतं, पुढे कोण काय छापतं ते आमच्या हातात नसतं. तात्यांनी फोन मागून घेतला. "बाई, आमचे बाबा परत कधी आणता?" फोन स्पीकरवर होता. त्या म्हणाल्या की हाडं आता संग्रहात नोंदवली गेली आहेत, वरून परवानगी लागेल, त्या प्रयत्न करतील. मी मान खाली घालून ऐकत होते. बाबा नाहीत ते, हे त्या बाईंनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघीही बोललो नाही.

वीस मार्चला निबंधाच्या प्रती काढायला मी महाडला गेले. चवदार तळ्यावरच्या गर्दीमुळे एसटी बाहेरूनच वळवली होती, चालत जावं लागलं. एकवीसला दुपारी देवळाच्या मंडपात गावकी बसली. शिमग्याआधी ती दर वर्षी बसते. वर्गणी, ढोल, कोण कुठली होळी रचणार. यंदा महिपतीअण्णांनी सुरुवातीलाच हात वर केला.

त्यांचा मुलगा विनीत पोलादपूरला मोबाईलचं दुकान चालवतो. त्याने पोर्टलवरची बातमी छापून, लॅमिनेट करून आणली होती. मी खांबाशी उभी होते. बायका गावकीत बसत नाहीत, पण तात्यांनी मला "कागद घेऊन ये" म्हणून बोलावलं होतं.

"वाच रे," अण्णा म्हणाले.

विनीतने मथळा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, जरा मोठ्याने.

"आणि पुढं?" गुरवाने विचारलं.

"पुढं तेच हाय."

"आता मला सांगा," अण्णा म्हणाले, "ह्यांचा मूळपुरुष जर भायेरचा, तर पहिला खांदा ह्यांचा कसा? आमी काय देवीला वाटेत भेटलो?"

"तुझी थुंकी पण नेलीय त्यांनी महिपती," तात्या म्हणाले. "ती काय पोलादपूरची निघाली?"

मंडपात हशा झाला. मी कागद उघडला आणि ते वेगळं ठेवलेलं वाक्य मराठीत वाचून दाखवलं. आलेख वर धरला. म्हटलं, हे अकरा ठिपके आपल्या वाडीचे. तात्यांचा कुठला आणि अण्णांचा कुठला हे ओळखूसुद्धा येत नाही, सगळे एकमेकांवर बसलेत.

"माझा वरचा असंल," अण्णा म्हणाले. पुन्हा हशा.

"सेजल, तू मराठीत एमए ना?" विनीत म्हणाला. "मग कविता म्हण की. हे पेपरवाल्यांचं काम हाय. ते काय येडे म्हणून छापतात? टीव्हीवर पण आलं. सगळेच खोटं बोलतात नि तू एकटी खरी?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पंच्याहत्तर पानांचं होतं. मंडपात तेवढी सवड नव्हती.

तात्यांनी हात पुढे केला. "बघू तो कागद."

विनीतने दिला. तात्या चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे, पण हातात आलेला कागद पूर्ण वाचायचे. लग्नपत्रिकेवरचं छापखान्याचं नावसुद्धा. त्यांनी मोठ्याने सुरुवात केली. मथळा. मग पहिला परिच्छेद, मग दुसरा. लोक कंटाळून तंबाखू मळायला लागले. विनीत म्हणाला, "काका, कळलं सगळ्यांना." तात्या थांबले नाहीत. मला शेवटची ओळ माहीत होती. मी "तात्या" म्हणून हाक मारली, पण त्यांचं बोट तिथे पोचलं होतं.

"सदर सांगाडा... अंदाजे चाळीस वर्षं वयाच्या... स्त्रीचा असल्याचे संशोधकांचे म्हणणे आहे."

वाचून झाल्यावर त्यांनी बोट पुन्हा मागे नेलं आणि ती ओळ मनात वाचली. मग वर पाहिलं, विनीतकडे नाही, माझ्याकडे.

बातमी लॅमिनेट करणाऱ्याने ती शेवटपर्यंत वाचली नव्हती, हे विनीतच्या तोंडावर एक क्षण दिसलं. मग तोच आधी हसला. "म्हंजे बाबा बाबा करत एवढी वर्षं बाईला आंघोळ घालताय!"

मंडप हशाने दणाणला. म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. "गोमा, येशीला ठाव हाय काय रे?" कुणीतरी ओरडलं, येसूबाई म्हणजे तात्यांची बायको, माझी चुलत आजी. महिपतीअण्णा तेवढे हसले नाहीत. हशा ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "बाईचा खांदा पालखीला लागत नाय. मग पहिला खांदा ह्यांच्यात आला कुठनं?"

गुरवाने खाली पाहिलं. यंदा पुढचा दांडा अण्णांच्या घराकडे, पुढचं पुढच्या वर्षी, असं ठरलं. जे अठराशे वर्षांतून निघालं होतं त्याचा निकाल लागायला तासही लागला नाही.

घरी येसूआजीला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती थांबलीसुद्धा नाही. "बाई तर बाई. बाबानं काय पोरं काढली असती?" मग तव्याकडे बघत म्हणाली, "हसणारे कोणाच्या पोटातनं आले, विचार त्यांना."

तात्या ओटीवर बसले होते. मी जवळ गेले. "तुला ठाव व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"सांगायचं गो. घरच्या माणसानं तरी सांगायचं."

यापेक्षा जास्त ते मला कधी बोलले नाहीत. मी अजून ते ऐकते.

अनिल आला, पांढरा सदरा घेऊन. तो पिशवीतून काढलाच नाही. होळीनंतर पालखी घरोघर फिरते. आमच्या अंगणात आली तेव्हा महिपतीअण्णा पुढे होते. वय तात्यांएवढंच, पण मुलाला द्यायच्या आधी एकदा तरी पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर हवा होता. दम लागला होता, दांडा खांद्याच्या टोकाशी सरकला होता. आजीने ओटी भरली. तात्या दारात उभे होते.

"दांडा मानेकडं घे महिपती," ते म्हणाले. "टोकावर ठेवलास तर खांदा उतरल."

"मला शिकवू नको."

"नको तर नको. पाडू नको म्हंजे झालं."

अण्णांनी दांडा मानेकडे घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यात गोड काही नव्हतं. ढोल वाजले, पालखी पुढच्या घरी गेली. अनिल दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीने परतला. जाताना म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी बघू." तात्यांनी त्याच्या पिशवीत सदरा आहे का ते चाचपून पाहिलं.

त्यानंतर पाच-सहा दिवस तात्या तांब्या घेऊन जात, पाणी घालत, पण तोंडातून शब्द काढत नसत. मी खिडकीतून पाहायची. वाडीतली पोरं बांधावरून जाताना मुद्दाम ओरडत, "बाबा, उठा!" तात्या वळून बघत नसत. सातव्या दिवशी पाणी घालून झाल्यावर ते वाकले, दगडावर चिकटलेलं किंजळीचं पान काढलं आणि म्हणाले, "आये, ऊठ. उजाडलं." बाबांना ते अहो-जाहो करत. आईला कोण करतं?

त्याविषयी बातमी आली नाही. पोर्टलवर तो मथळा अजून आहे, प्रश्नचिन्हासकट. खाली नव्या लोकांचे नवे अभिप्राय पडतात, आम्ही कुठून आलो आणि कुठे परत जावं याबद्दल. हाडं अजून संस्थेत आहेत.

श्रावणात तात्यांना ताप आला. त्या दिवशी सकाळी उठवेना. ओटीवर कांबळ्यात पडल्या पडल्या त्यांनी मला तांब्या दाखवला. मी विहिरीवर भरला, बांधावर गेले. पाऊस बारीक होता, खाचरात भात गुडघ्याला आलं होतं. मी पाणी घातलं आणि त्यांच्यासारखंच काहीतरी म्हटलं. परत येऊन तांब्या ओटीच्या कडेला ठेवला. तात्यांनी डोळे उघडून आधी माझे पाय पाहिले, चिखल लागलाय का ते, आणि मग तांब्याकडे बघितलं. त्यानंतर ते दोनच दिवस होते, पण पुन्हा बोलले नाहीत.

"पालथा घाल गो तो," तांब्याकडे बघून ते म्हणाले होते. "पागोळीचं पाणी पडतंय त्यात."